कडी आतून की बाहेरून?

जुलै २०१९ मध्ये गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यातल्या दांतीवाडा तालुक्यात बारा गावांतल्या ठाकोर समाजाच्या पंचांनी ठराव केला की लग्न न झालेल्या मुलींनी मोबाइल वापरायचा नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने अठराच्या आतल्या सगळ्यांनाच मोबाइलबंदी केली. बांशीने निदान मुलगे आणि मुली एकाच मापाने मोजले, एवढा फरक मान्य करू. पण दोन्ही ठरावांत एक माणूस कुठेच सापडत नाही. रात्री साडेअकराला चौदा वर्षांच्या पोरीला ‘झोपलीस का?’ असा मेसेज टाकणारा चाळिशीतला बाप्या. त्याचा फोन कुणी मागितला नाही. त्याच्यासाठी ग्रामसभा बसली नाही.

मोबाइलवरच्या जगात लहानांची जागा वेगळी असावी, मोठ्यांची वेगळी, ही मागणी आता ऑस्ट्रेलियापासून दिल्लीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. मागणी चुकीची नाही. मात्र ‘मुलींच्या सुरक्षिततेसाठी’ या दोन शब्दांखाली आजवर काय काय खपवलं गेलं ते आपण बायकांनी पुष्कळ पाहिलंय. म्हणून या वादात आपण पडायला हवं, आणि मोघम नाही, नेमकं बोलायला हवं. दाराला कडी पाहिजेच. ती आतून लावली तर नको असलेला माणूस बाहेर राहतो. बाहेरून लावली तर आतली कोंडली जाते. दोन्ही वेळा दार बंदच दिसतं, म्हणून लोकांना फरक कळत नाही. की कळून घ्यायचा नसतो?

हे प्रकार कसे घडतात ते किशोरींबरोबर काम करणाऱ्या कुठल्याही कार्यकर्तीला विचारा. माणूस एकदम अंगावर येत नाही. खेळाच्या गप्पांत, गाण्याच्या चाहत्यांत, क्लासच्या ग्रुपवर, जिथे सगळे एकत्र बोलत असतात तिथे तो आधी नुसता असतो. मुलीने काही लिहिलं की कौतुक करतो. घरात तिचं कौतुक कुणी केलेलं नसतं, हे त्याला बरोबर ठाऊक असतं. मग ‘इथे नको, वेगळं बोलू’ होतं. मग आईची तक्रार ऐकून घेणं, रिचार्ज मारून देणं. मग एक फोटो, साधाच. मग दुसरा. आणि त्या दुसऱ्या फोटोनंतर आवाज बदलतो: ‘घरी सांगितलंस तर तुझाच फोन जाईल. शाळा बंद होईल. मला काय होणार आहे?’

त्याचं खरं शस्त्र फोटो नाहीच. घरातली बंदी हे त्याचं शस्त्र आहे. पोरीच्या हातातून फोन काढून घ्यायला टपलेलं घर, नाव खराब झालं म्हणून तिचं लग्न उरकून टाकायला तयार असलेलं घर, हे त्याचं भांडवल. जितकी बंदी कडक तितकी पोर गप्प, आणि पोर जितकी गप्प तितकं त्याचं फावतं. म्हणजे गावाने ठराव करून कुणाचं काम सोपं केलं?

कायदा नाही असंही नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम ११ मध्ये लिहिलंय की लैंगिक हेतूने एखाद्या बालकाशी वारंवार संपर्क साधत राहणं, मग तो समोरासमोर असो की फोनवरून, इंटरनेटवरून असो, हा लैंगिक छळ आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब मध्येही मुलांना असल्या संबंधांत ओढणं गुन्हा आहे. ही कलमं किती ग्रामसभांत वाचून दाखवली गेली? ‘मुलींनी काय करू नये’ याचे फलक गावोगावी लागतात. ‘मोठ्या माणसाने काय केलं तर तुरुंगात जाईल’ याचा फलक शोधून सापडत नाही.

आणखी एक. या सगळ्या चर्चेत धोका म्हणजे अनोळखी माणूस, असंच चित्र रंगवतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगतायत की बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी बाईच्या, मुलीच्या ओळखीचे असतात. मोबाइलवरही क्लासचे सर, दादाचा मित्र, लग्नात भेटलेला लांबचा काका असतातच. वेगळ्या जागा करताना यांना कुठे बसवणार, याचं उत्तर द्यायला लागेल.

आता दिल्लीच्या कायद्याकडे येऊ. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुलांविषयीची कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मेमध्ये लागू व्हायची आहेत. त्यातला एक भाग चांगला आहे, तो चांगला म्हणायला हवा: मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. कंपनीने कसूर केली तर दंड दोनशे कोटींपर्यंत. ही कडी बरोबर बाजूला आहे.

दुसरा भाग मात्र असा की अठरा वर्षांखालच्या कुणाचीही माहिती घ्यायची तर पालकाची पडताळता येईल अशी संमती लागेल. म्हणजे खातं उघडायचं तर बापाला विचारायचं. कायदा ‘पालक’ म्हणतो, मी ‘बाप’ म्हणते, कारण आपल्याकडे ओळखपत्रं, फोनचं सिम आणि ओटीपी कुणाच्या नावावर असतात ते आपल्याला माहीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ३३.३ टक्क्यांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांत ५७.१ टक्के. ज्या आईने स्वतः कधी इंटरनेट उघडलं नाही तिची संमती कोण विचारणार? गंमत अशी की अनेक घरांत बापाच्या फोनवर आलेला ओटीपी वाचून भरणारी ही पंधरा वर्षांची पोरच असते. कायद्याच्या मराठीत अठराच्या आतलीला ‘अज्ञान’ म्हणतात आणि वरच्याला ‘सज्ञान’!

हसण्यावारी नेऊ नका. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पाचातली एकीहून जास्त. तेव्हा जिचं लग्न बापानेच ठरवलंय, तिने मदत मागायला बापाची संमती आणायची? मारझोड करणाऱ्याच्या, अंगाला हात लावणाऱ्याच्या अंगठ्याखाली असलेल्या मुलीने त्याचाच अंगठा घेऊन यायचं?

आपल्याकडे याचं उत्तर कधीच सापडलेलं आहे. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून चाइल्डलाइन सुरू झाली. १०९८. रस्त्यावरचं पोर पैसे न टाकता फोन फिरवायचं आणि पलीकडे मोठं माणूस असायचं. २०२३ पासून ती सरकारने आपल्या हाती घेतली. ते बरं की वाईट हा वेगळा वाद आहे. मुद्दा हा की १०९८ वर पोराला कुणी विचारलं नाही, ‘बापाची चिठ्ठी आणलीस का?’ तिथे मोठे आणि लहान बोलत होतेच. फरक इतकाच की पलीकडचा मोठा कोण, कुठल्या संस्थेचा, त्याने काय केलं तर कुणाला जाब द्यायचा, हे ठरलेलं होतं. वेगळं ठेवणं म्हणजे बोलणं तोडणं नव्हे. मोठ्याने लहानाशी बोलायचं तर नावगाव सांगून, चारजणांत, जाब द्यायच्या तयारीने बोलायचं.

हा विचार काही परदेशातून आलेला नाही, तो आपल्याच चळवळीने कमावलेला आहे. मथुराचं प्रकरण आठवा. २६ मार्च १९७२ ची रात्र, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. मुलीचं वय चौदा ते सोळाच्या मधलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं, कारण तिने आरडाओरडा केला नाही, तिच्या अंगावर जखमा नाहीत. सगळे प्रश्न तिला. गणवेशातल्या माणसाने रात्री ठाण्यात पोरीला थांबवून का घेतलं, हा प्रश्न कुणालाच नाही. १९७९ चं ते खुलं पत्र, १९८० मध्ये मुंबईत उभा राहिलेला बलात्कारविरोधी मंच, मोर्चे, सह्या, आणि मग १९८३ ची दुरुस्ती. त्या दुरुस्तीने काय केलं? कोठडीतल्या बलात्कारात बाईने संमती नव्हती म्हटलं तर न्यायालयाने नव्हतीच असं धरून चालायचं. सिद्ध करायचं ओझं ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्यावर टाकलं. आजवरच्या कायद्यांतली ही आपली मोठी कमाई. मोबाइलवर चाळीस वर्षांचा माणूस आणि चौदा वर्षांची पोर समोरासमोर येतात तेव्हा तिथेही सत्ता आहे. मग ओझं तिच्यावर का?

त्याही मागे जायचं तर १८९१ चा संमतिवयाचा कायदा. दहा-अकरा वर्षांची फुलमणी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली, त्यानंतर संमतीचं वय दहाचं बारा झालं. टिळकांनी विरोध केला, धर्म बुडाला म्हणून सभा गाजल्या. का एवढा गदारोळ? मुलींना घरात कोंडणारा कायदा असता तर कुणाला राग आला नसता. त्या कायद्याने रेषा आखली ती नवऱ्यापुढे. तो फारसा अंमलात आला नाही हे खरं, पण बोट कुणाकडे दाखवायचं ते त्याला कळलं होतं.

आता तीच वयाची रेषा कुणाच्या हातात पडलीय बघा. एनफोल्ड या संस्थेने २०१६ ते २०२० या काळातले महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालमधले पॉक्सोचे ७,०६४ निकाल तपासले. त्यांतली १,७१५ प्रकरणं, म्हणजे २४.३ टक्के, प्रेमसंबंधांची होती. बहुतेक तक्रारी आईबापांनी, नातेवाइकांनी केलेल्या. पोरगी सतराची, पोरगा एकोणीसचा, जात वेगळी. की ठाण्यात जाऊन पॉक्सो. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये संमतीचं वय सोळाच ठेवा म्हणून सांगितलं होतं, त्याच वर्षी संसदेने अठरा केलं. आणि २०१५ मध्ये बालन्याय कायदा बदलताना तीच संसद म्हणाली, सोळा वर्षांच्या मुलाने भयंकर गुन्हा केला तर त्याला मोठा समजून खटला चालवता येईल. प्रेम करायला सतरावं वर्ष कोवळं, शिक्षा भोगायला सोळावं जून! वयाची रेषा निसर्गाने आखलेली नसते. ती कोण आखतो आणि कशासाठी, हे प्रत्येक वेळी बघायला लागतं. मोबाइलवर सगळीकडे दिसणारं ते ‘१३ वर्षं पूर्ण’ कुठून आलं माहीत आहे? अमेरिकेतल्या १९९८ च्या एका कायद्यातून, आणि तो मुलांची माहिती व्यापाराला वापरण्याबद्दलचा आहे. तेराव्या वर्षी मुलगी सुरक्षित होते असं त्यात कुणी म्हटलेलं नाही.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतील, मग रेषाच नको. वयावरून जागा वेगळ्या करणं म्हणजे पुन्हा नीतिरक्षकांचा दंडुका. मला हे पटत नाही. सतरा-एकोणीसचं प्रेम आणि चौदा-चाळीसची ‘मैत्री’ यांना एका तागडीत तोलता येत नाही, आणि दुसरीलाही ‘तिचा निर्णय’ म्हणून सोडून देणं हा मुक्तीचा विचार नव्हे, ती हात झटकायची सोय आहे. मुलींना आपल्या वयाच्या मुलींत, मुलांत मोकळं बोलायला, चुकायला, भांडायला जागा लागते, जिथे कुणी मोठा माणूस कोपऱ्यात बसून बघत नाही. ती जागा मागणं हा हक्काचा भाग आहे. तिथून बाहेर मोठ्यांनी व्हायचं.

‘मग सगळ्यांचं वय तपासा,’ असा सोपा उपाय कंपन्या आणि सरकारं सुचवतात. तपासा म्हणजे आधार दाखवा, चेहरा दाखवा. पण तो चेहरा कुणाच्या कपाटात जातो? जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ‘टी’ या ॲपमधून ७२,००० चित्रं बाहेर पडली. हे ॲप फक्त बायकांसाठी होतं, पुरुषांबद्दल एकमेकींना सावध करायला. त्यांतली सुमारे १३,००० चित्रं बाईच आहे हे पटवायला दिलेल्या सेल्फींची आणि ओळखपत्रांची होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्कॉर्डने सांगितलं की वयाच्या पडताळणीसाठी दिलेल्या सरकारी ओळखपत्रांचे सुमारे ७०,००० जणांचे फोटो बाहेरच्या ठेकेदाराकडून फुटले असावेत. नवऱ्यापासून लपून राहिलेल्या बाईला, घरी न सांगितलेल्या समलिंगी मुलीला याचा अर्थ काय, हे मी सांगायला नको.

आणि खरं सांगायचं तर आधार न मागताही पुष्कळ करता येतं. इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झालं. जी अठराखालची मुलं आपल्याला फॉलो करत नाहीत त्यांना मोठ्या माणसाने थेट मेसेज पाठवायचा नाही, ही सोय त्यांनी मार्च २०२१ मध्ये केली. दहा वर्षांहून जास्त काळ लागला! तंत्र अवघड होतं म्हणून नव्हे. जितके लोक एकमेकांना सापडतील तितका धंदा, म्हणून. दार उघडं ठेवण्यात नफा होता.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांची खाती बंद केली. मला तो कायदा सगळा पटत नाही; खेड्यातल्या एकट्या पोरीचा आधार त्याने तुटतो. पण त्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. खातं राहिलं तर दंड कंपनीला, ४.९५ कोटी डॉलरपर्यंत. मुलाला नाही, आईबापाला नाही. आपल्या पंचांना आणि खासदारांना हे वाचून दाखवायला हवं.

दिल्लीला आपण निवेदन द्यायचं तर त्यात या गोष्टी हव्यात. पालकाच्या संमतीच्या अटीतून मदतीच्या, आरोग्याच्या, कायदेशीर सल्ल्याच्या जागा पूर्ण मोकळ्या ठेवा, आणि सोळाच्या वरच्या मुलींना स्वतःची संमती द्यायचा अधिकार द्या. मोठ्याने लहानाशी आपणहून खासगी बोलणं सुरू करता येणार नाही, ही व्यवस्था कंपनीवर सक्तीची करा. आणि मुलीने तक्रार केली तर तिचं खातं गोठवायचं नाही, त्याचं गोठवायचं. आज अनेक ठिकाणी ‘वय कमी आहे’ म्हणून तक्रार करणारीलाच बाहेर काढतात, आणि तो आत राहतो.

पण निवेदनाआधी घरचं बघू. आज गावोगावी किशोरी गट आहेत आणि प्रत्येकाचा फोनवर ग्रुप आहे. त्यात ताई असतात, ताईंच्या संस्थेचे सर असतात, शिबिराला एकदा येऊन गेलेला फोटोवाला असतो, देणगी देणाऱ्या मंडळाचा कुणीतरी ‘बघायला’ म्हणून असतो. त्या सगळ्यांना पंचवीस मुलींचे नंबर आणि फोटो आपोआप मिळतात. माणसं चांगली असतील. प्रश्न माणसांच्या चांगलेपणाचा नाही. मथुराला थांबवून घेणारे पोलीसही कुणाच्या तरी ओळखीतले ‘चांगले’ असतील. मुलींच्या ग्रुपवर दोनच मोठ्या असाव्यात, दोघी मुलींनी निवडलेल्या, आणि एकीने बोललेलं दुसरीला दिसावं. ग्रुपवरच्या मोठीने एकेकीशी खासगी बोलायचं नाही; बोलावं लागलंच तर दुसरीला सांगून. मुलींचा स्वतःचा असा एक ग्रुप असावा ज्यात आपण नाहीच. तिथे काय बोलतात हे आपल्याला कळणार नाही, आणि ते न कळणं सोसायची सवय करायला लागेल. पॉक्सोमध्ये आपल्याला कळलं की पोलिसांत कळवणं बंधनकारक आहे, हेही मुलींना आधीच सांगून ठेवायचं, म्हणजे कुणापाशी किती उघडायचं ते त्यांना ठरवता येईल.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ पासून एक वेगळाच पायंडा पाडलाय. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास सगळ्या गावाचे टीव्ही-मोबाइल बंद. पोरांचेही, बापांचेही. मोठ्यांनी आपला फोन खाली ठेवला, म्हणून तो नियम टिकला असं मला वाटतं. बाकी गावांनी ठराव करताना एवढं तरी विचारावं की पहिला फोन कुणाचा जमा करायचा.

पुढच्या बैठकीला याल तेव्हा आपापल्या किशोरी गटाची यादी फोनवर उघडून आणा. त्यात अठराच्या वरचे किती आणि कोण, ते प्रत्येकाला कुणी घेतलं आणि मुलींना विचारलं होतं का, हे लिहून आणा. ज्यांचं कारण सापडत नाही त्यांना तिथेच, सगळ्यांसमोर, ग्रुपमधून काढू.